विधेयकाला एक रात्र द्या

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
विधानसभा आणि विधान परिषद,
महाराष्ट्र राज्य



माझे वडील तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. कडुलिंबाखाली एक उतरते मेज, दोन बाकडी आणि अंगठ्यासाठी शाईची गादी, एवढाच त्यांचा पसारा. वारसनोंद, शेतरस्ता, विहिरीची नोंद, रेशनकार्डात चुकलेले नाव, अशा कामांसाठी माणसे लांबून चालत यायची. अर्ज लिहून झाला की वडील तो मोठ्याने वाचून दाखवायचे. समोरच्याने मान हलवली तरी त्यांचे समाधान होत नसे. ‘‘आता यात काय लिहिलंय ते तुम्ही मला सांगा,’’ असे म्हणून ते थांबायचे. त्या माणसाने आपल्या शब्दांत सांगितले की मगच अंगठा घ्यायचे आणि शेजारी लिहायचे: वाचून दाखवले, समजले, कबूल आहे.

शाळा सुटली की मी त्या बाकड्यावर बसून गृहपाठ करायचो. कायद्याशी माझी पहिली ओळख तिथली. त्या झाडाखाली कायदा पोचायचा तो बहुधा एकाच वाक्यातून: नियम बदलला, आता हा कागद चालत नाही. कधी बदलला, का बदलला, बदलण्याआधी कोणाला विचारले, हे तिथे कोणालाच ठाऊक नसे. माणूस अर्ज घडी करून पिशवीत ठेवायचा आणि एस.टी.च्या थांब्याकडे निघायचा.

हे पत्र मी त्या बाकड्यावर बसल्यासारखा लिहितो आहे. पत्राचा विषय मात्र एक असा देश आहे, जो कोणत्याही नकाशावर नाही. त्या देशातला एक नियम मला तुमच्याकडे मागायचा आहे. नियम असा: कोणताही प्रस्ताव ज्या दिवशी सभागृहात पहिल्यांदा मांडला जाईल, त्या दिवशी त्यावर चर्चा करायची नाही.

त्या देशाचे नाव युटोपिया. इंग्लंडच्या थॉमस मोर यांनी लॅटिनमध्ये लिहिलेले या नावाचे पुस्तक १५१६ साली लूव्हेन येथे छापले गेले. मोर व्यवसायाने वकील होते, लंडन शहराचे न्यायाधिकारी होते आणि इंग्लंडच्या संसदेत बसलेले होते. १५१५ मध्ये राजाने त्यांना व्यापारी वाटाघाटींसाठी फ्लँडर्सला पाठवले. बोलणी मध्येच थांबली, तेव्हा ते अँटवर्पला गेले आणि तिथे त्यांनी या पुस्तकाला हात घातला. पुस्तकात त्यांना राफेल हिथ्लोडे नावाचा एक फिरस्ता खलाशी भेटतो आणि दूरच्या बेटावरच्या राज्याची हकिगत सांगतो. युटोपिया हा ग्रीक शब्दांवरून बनवलेला शब्द. त्याचा अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’. त्या देशाच्या राजधानीजवळून वाहणाऱ्या नदीच्या नावाचा अर्थ पाणी नसलेली, आणि तिथल्या राज्यप्रमुखाच्या पदनामाचा अर्थ प्रजा नसलेला. हे सगळे कल्पनेतले आहे याची आठवण लेखक वाचकाला पदोपदी करून देतो, आणि तरीही त्या कल्पनेत राज्यकारभाराचा एकेक धागा एखाद्या अनुभवी कारभाऱ्याच्या काळजीने विणतो.

तिथली व्यवस्था अशी. बेटावर चोपन्न शहरे. दर तीस कुटुंबे मिळून दरवर्षी एक प्रतिनिधी निवडतात, त्याला सायफोग्रँट म्हणतात. दहा सायफोग्रँटांवर एक ट्रॅनिबोर. शहरातले दोनशे सायफोग्रँट गुप्त मतदानाने, लोकांनी सुचवलेल्या चौघांतून, शहराचा प्रमुख निवडतात. एखाद्या पदासाठी जो स्वतः मते मागत फिरेल, त्याला कोणतेच पद मिळण्याची आशा उरत नाही. ट्रॅनिबोर आणि प्रमुख मिळून जी कार्यकारी सभा होते, ती साधारण एक दिवसाआड बसते. तिच्या प्रत्येक बैठकीला दोन सायफोग्रँट हजर असतात आणि ही जोडी रोज बदलते. म्हणजे बंद दाराआड काय चालले आहे, हे पाहणारे डोळे रोज नवे. सार्वजनिक महत्त्वाचा कोणताही निर्णय सभेत तीन दिवस चर्चिला गेल्याशिवाय पक्का होत नाही. विषय मोठा असेल तर तो सायफोग्रँटांच्या सभेकडे जातो. ते आपापल्या तीस कुटुंबांना तो समजावून सांगतात, मग आपसांत विचार करतात आणि मत वर कळवतात.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पहिल्या दिवसाचा नियम, आणि त्यापेक्षाही मोलाचे वाटते ते त्यामागचे कारण. मोर यांच्या मते, माणसाने एखाद्या विषयावर घाईने तोंड उघडले की पुढे त्याची सगळी बुद्धी आपण बोललो ते बरोबर कसे, हे सिद्ध करण्यातच खर्च होते. राज्याचे हित मागे पडते. आपण आधी विचार केला नव्हता हे कबूल करण्याची लाज त्याला इतकी वाटते, की चुकीच्या मताला तो शेवटपर्यंत चिकटून राहतो. म्हणून आधी विचार, मग बोलणे. दोहोंच्या मध्ये निदान एक रात्र.

सन्माननीय सदस्यहो, सभागृहातला पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस आणि आजचा माणूस यांत या बाबतीत काय फरक पडला आहे? हा दोष कोणा एका पक्षाचा नाही, तो माणसाच्या जिभेचा आणि अभिमानाचा आहे. आपल्या गावच्या ग्रामसभेत, हाउसिंग सोसायटीच्या बैठकीत, घरातल्या वाटणीच्या बोलण्यातही तो दिसतो. एकदा चार लोकांदेखत तोंडातून शब्द गेला की तो माघारी घेणे जिवावर येते. युटोपियाच्या नियमाने माणसाचा स्वभाव बदलण्याचा घाट घातलेला नाही. स्वभाव आहे तसा धरून त्याला विचार करायला वेळ तेवढा दिला आहे. चांगल्या नियमाची हीच खूण असते.

ही रात्र नसली की काय होते, ते आपण अलीकडेच पाहिले आहे. केंद्राचे तीन कृषी कायदे जून २०२० मध्ये अध्यादेशाच्या रूपाने आले. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत त्यांतली दोन विधेयके प्रचंड गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसून राहिले. मग २९ नोव्हेंबर २०२१ रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, ते कायदे मागे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी चर्चेशिवाय मंजूर केले. ते कायदे योग्य होते की अयोग्य, हा या पत्राचा विषय नाही. त्याबद्दल तुमच्यातही मतभेद आहेत आणि माझ्या घरातही. पण ज्यांना ते हवे होते त्यांना ते का हवेत हे नीट मांडता आले नाही, ज्यांना नको होते त्यांना ते का नकोत हे सभागृहात शेवटपर्यंत सांगता आले नाही, आणि जाताना ते का जात आहेत हेही देशाने सभागृहातून ऐकले नाही. कायदा आला तेव्हा त्याला शांत चर्चा मिळाली नाही, गेला तेव्हा एक रात्रही मिळाली नाही. मधले वर्ष मात्र माणसांनी थंडीत रस्त्यावर काढले.

आपल्या विधान भवनातही अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत विधेयकांची रांग लागते. गोंधळ चालू असतो, ‘होयचे बहुमत’ असे जाहीर होते आणि पुढचे विधेयक पुकारले जाते. त्या दोन शब्दांनंतर माझ्या वडिलांच्या झाडाखाली कोणाचा तरी कागद चालेनासा होतो.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, प्रत्येक गोष्टीला थांबायला वेळ कुठे असतो? पूर येतो, साथ येते, दुष्काळ पडतो. हे खरे आहे. राज्यघटनेने त्यासाठीच अध्यादेशाची तरतूद ठेवली आहे. आणि थांबणे हेही कधी कधी घात करते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे विधान भवनाचे उंबरे झिजवले. कायदा लांबत राहिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा मंजूर झाला. मी मागतो आहे ती ही टाळाटाळ नव्हे. विधेयक वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे आणि त्याला एक रात्र देणे, यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. कपाटातल्या विधेयकावर कोणी विचार करत नसतो. त्या एका रात्री मात्र २८८ आमदार आणि ७८ विधान परिषद सदस्य ते हातात घेऊन वाचू शकतात, आपल्या मतदारसंघातल्या तलाठ्याला, शिक्षिकेला, बाजार समितीतल्या हमालाला फोन करून विचारू शकतात, की हे असे झाले तर तुझ्याकडे काय होईल?

वेळ दिल्याने काय साधते, हे आपल्याच इतिहासात ठळक लिहिलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेला राज्यघटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांनी तो ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे विचारासाठी ठेवला, तेव्हा मसुदा आठ महिने लोकांच्या नजरेखालून गेला होता. त्यावर साधारण ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या, संस्थानांचे प्रश्न पेटलेले होते. घाईला त्याहून मोठे निमित्त या देशाला पुन्हा मिळालेले नाही. तरीही त्या माणसांनी घाई केली नाही.

युटोपियाचा दुसरा नियम भाषेबद्दल आहे. तिथे कायदे अगदी थोडे आहेत आणि वकील नाहीत. माणूस वकिलाला जे सांगेल तेच सरळ न्यायाधीशाला सांगतो. कायदा कशासाठी करायचा, तर प्रत्येकाला आपल्या कर्तव्याची आठवण राहावी म्हणून, असे ते लोक मानतात. ज्या कायद्याचा अर्थ लावायला पांडित्य लागते, तो थोड्यांनाच आठवण करून देतो. बाकीच्यांसाठी तो असून नसल्यासारखा. वाचून संपणार नाहीत इतके किंवा समजणार नाहीत असे कायदे करून माणसांना त्यांत बांधणे हा त्यांच्या दृष्टीने उघड अन्याय आहे. हे लिहिणारा माणूस स्वतः नावाजलेला वकील होता, हे लक्षात घ्या.

वकील नकोत असे मी म्हणणार नाही. गरिबाच्या बाजूने उभा राहणारा वकील हा अनेकदा त्याचा शेवटचा आधार असतो. पण आपला कायदा मराठीत असूनही मराठी माणसाला कळत नाही, ही वेदना मी लहानपणापासून पाहिली आहे. ‘यथास्थिति’, ‘परंतुक’, ‘विवक्षित’, ‘अन्वये’, ‘पोट-कलम’ या शब्दांच्या जंगलातून वाट काढत वडील अर्थ शोधायचे आणि मग समोरच्या बाईला सांगायचे, ‘‘मावशी, म्हणजे नव्वद दिवसांच्या आत तुम्ही अपील करायचं, नंतर घेणार नाहीत.’’ एवढे वाक्य कायद्याला स्वतःला सांगता येत नव्हते. काटेकोर शब्दांची गरज मी जाणतो. न्यायालयात एका शब्दावर खटला फिरतो. म्हणून काटेकोर मसुदा राहू द्या, पण त्याच्या शेजारी त्याच अधिकृत मान्यतेने साध्या मराठीतले एक पान असू द्या. कोणाला काय करावे लागेल, कोणाचे काय जाईल, कोणाला काय मिळेल, कुठे दाद मागायची आणि किती दिवसांत. एवढेच.

या कल्पित देशाचे काही कायदे चमत्कारिक वाटतील. तिथे सोन्याची मूत्रपात्रे करतात आणि गुन्हेगारांच्या बेड्या सोन्याच्या घडवतात. मोती-हिरे लहान मुलांना खेळायला देतात आणि मुले मोठी झाली की लाजेने ते आपणहून टाकून देतात. एकदा परदेशी वकिलात अंगभर दागिने घालून येते. लोक तिच्यातल्या साध्या कपड्यांतल्या नोकरांना वाकून नमस्कार करतात आणि सोन्याने मढलेल्या राजदूतांना गुलाम समजून सोडून देतात. तिथे घरांना कुलूप नाही आणि दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलतात. प्रत्येकाला शेती येते, काम दिवसाला सहा तास आणि रिकामा वेळ शिकण्यासाठी.

यातल्या सोन्याच्या कायद्यावर मी पुष्कळ विचार केला. सोने बाळगणाऱ्याला तिथे शिक्षा नाही. कशाला मान द्यायचा आणि कशाला द्यायचा नाही, हे त्या समाजाने बदलले आणि लोभाच्या मुळाशीच हात घातला. आपण मात्र एखादी वाईट गोष्ट दिसली की पहिला विचार शिक्षा किती वर्षांची, असा करतो. शिक्षा वाढवली की काम झाल्यासारखे वाटते. पुस्तकाच्या पहिल्या भागात मोर नेमके यावरच बोट ठेवतात. त्यांच्या काळी इंग्लंडात चोरीला फाशी होती. एकेका वधस्तंभावर वीस-वीस माणसे लटकत, तरी चोऱ्या थांबत नव्हत्या. कारण लोकरीच्या नफ्यासाठी जमीनदार शेते आणि गायराने कुंपणात घालत होते, मेंढ्यांसाठी गावे रिकामी होत होती आणि कुळे देशोधडीला लागत होती. माणसाला आधी चोर बनवायचे आणि मग चोरीबद्दल फासावर द्यायचे, हा कसला न्याय, असा त्यांचा सवाल होता. त्यापेक्षा प्रत्येकाला पोट भरण्याची सोय करा, म्हणजे चोरी करून मरण्याची पाळीच येणार नाही.

हा सवाल वाचताना मला महाराष्ट्राचा अभिमान वाटतो, कारण त्याचे एक उत्तर या राज्याने कायद्याने दिले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात योजनेचा कस लागला. विधिमंडळाने १९७७ चा रोजगार हमी अधिनियम केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसा उभा राहिला. २००५ मध्ये देशाने राष्ट्रीय कायदा केला तेव्हा त्याच्यापुढे आपला अनुभव होता. आधी एका तालुक्याच्या मातीत कल्पना रुजवून पाहायची, दुष्काळात तिला तावून-सुलाखून घ्यायचे आणि मग कायदा करायचा, हे तुमच्याच सभागृहांनी करून दाखवले आहे. मी परका धडा तुम्हाला देत नाही. तुमच्या पूर्वसूरींचा धडा तुम्हाला परत करतो आहे.

कल्पनेतल्या देशाचे कायदे जमिनीवर उतरवण्याचा एक प्रयत्न दूर मेक्सिकोतही झाला. वास्को दे किरोगा हे स्पेनने पाठवलेले न्यायाधीश मोर यांच्या पुस्तकाने भारावले होते. १५३२ मध्ये त्यांनी मेक्सिको शहराजवळ सांता फे नावाची वस्ती उभी केली, पुढे मिचोआकानचे बिशप असताना पात्स्कुआरो सरोवराच्या काठच्या मुलखातही तसेच काम केले. जमीन सर्वांची, काम सहा तासांचे, दवाखाना सर्वांसाठी, असे तिथले नियम होते. परकीय सत्तेच्या छायेतला तो प्रयोग होता, हे विसरता येत नाही. तरी तिथले लोक आजही त्यांना ‘ताता वास्को’ म्हणतात, म्हणजे बाप वास्को. कोणी विचारले की असल्या कल्पनांचा प्रत्यक्षात उपयोग काय, तर या दोन गोष्टी सांगाव्यात: तासगावची आणि पात्स्कुआरोची.

आता ज्या गोष्टी मला या देशात खुपतात, त्याही सांगितल्या पाहिजेत. युटोपियात गुलाम आहेत. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला प्रमुखाचे पत्र लागते आणि विनापरवाना दुसऱ्यांदा फिरताना सापडला तर माणूस गुलाम होतो. सणाआधी बायकांनी नवऱ्यापुढे गुडघे टेकून चुका कबूल करायच्या असतात. आणि कार्यकारी सभेबाहेर किंवा लोकांच्या सभेबाहेर राज्यकारभाराची खलबते केली, तर देहान्त शासन. हेतू असा, की प्रमुख आणि ट्रॅनिबोरांनी संगनमत करून जनतेवर जुलूम करू नये. पण या एका कलमाने कडुलिंबाखालची सगळी बाकडी रिकामी होतील.

इतक्या समंजस लेखकाच्या हातून असे कायदे कसे उतरले? मला एकच कारण दिसते. युटोपस नावाच्या राजाने ते बेट जिंकले, भूमीपासून ते कापून वेगळे केले आणि सगळी घडी एकट्याने बसवून दिली. मोर यांनीही तो देश एकट्याने लिहिला. गुलामाला कोणी विचारले नाही. गुडघे टेकणाऱ्या बाईला कोणी वाचून दाखवले नाही. प्रस्तावाला एक रात्र द्यायचा नियम असलेल्या देशाच्या मूळ कायद्यांनाच ती रात्र मिळाली नाही. एकट्याची बुद्धी कितीही मोठी असो, जिच्या अंगावर कायदा पडणार आहे ती व्यक्ती खोलीत नसेल, तर तिच्या वाट्याचे दुःख कागदावर दिसतच नाही.

मोर यांच्या आयुष्यातही हे उमटले. १५२३ मध्ये ते इंग्लंडच्या लोकसभागृहाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी राजाकडे विनंती केली, की सदस्यांना निर्भयपणे बोलू द्यावे. संसदेतल्या भाषणस्वातंत्र्यासाठीची, नोंदीत सापडणारी ही पहिली विनंती मानली जाते. तिच्यात एक सुंदर मुद्दा होता: घोटीव भाषेत पुष्कळदा मूर्खपणा बोलला जातो आणि ओबडधोबड बोलणाऱ्याचा सल्ला पुष्कळदा भरीव असतो. पुढे १५२९ मध्ये ते राज्याचे चॅन्सेलर झाले आणि ज्या लेखणीने भिन्न धर्मांच्या लोकांना एका बेटावर सुखाने नांदवले होते, तिच्या धन्याच्या कारकिर्दीत पाखंडाच्या आरोपावरून माणसे जाळली गेली. कागदावरची उदारता खुर्चीत टिकवायला रोज जपावी लागते. शेवटी राजाची धर्मसत्ता मान्य करायला त्यांनी नकार दिला. राजाच्या पदव्यांविरुद्ध बोलणेही राजद्रोह ठरवणारा कायदा १५३४ मध्ये संसदेने केला होता. त्याच संसदेच्या माजी अध्यक्षाला त्या कायद्याखाली दोषी ठरवून ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. सभागृहाने केलेला कायदा उद्या सभागृहातल्याच माणसाच्या मानेवर येतो, हे तुम्हा कोणत्याही बाकावरच्या सदस्यांनी विसरू नये. बाके बदलतात, कायदा राहतो.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत.

पहिली: कोणतेही विधेयक मांडले त्याच दिवशी चर्चेला घेऊ नका आणि मंजूर करू नका. खरीच आणीबाणी असेल तर तिचे कारण सभागृहात बोलून कामकाजात नोंदवा, म्हणजे पुढच्या पिढीला ते तपासता येईल.

दुसरी: विधेयक मांडले त्याच संध्याकाळी ते मराठीत, साध्या भाषेतल्या एका पानासह, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येकाच्या फोनवर पोचेल अशी व्यवस्था करा. आज हे करायला घोडेस्वार लागत नाहीत.

तिसरी: ज्या माणसांवर तो कायदा पडणार आहे, त्यांच्यातल्या काहींना तो वाचून दाखवा आणि त्यांनी काय ऐकले ते त्यांच्याच तोंडून ऐका. ऊसतोड कामगारांचा कायदा असेल तर फडात जा, मासेमारांचा असेल तर बंदरावर. युटोपियातले प्रतिनिधी तीस कुटुंबांकडे जात असत. तुमच्या पाठीशी लाखो मतदार आहेत. सगळ्यांकडे जाणे शक्य नाही, पण तीस घरांत जाणे प्रत्येकाला शक्य आहे.

वडील गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांचे मेज माझ्याकडे आहे, त्याच्या कडेला अजून अंगठ्यांच्या शाईचे डाग आहेत. जे लोक त्यांच्यापुढे बसायचे त्यांना अक्षर येत नव्हते, पण आपण कशावर अंगठा करतो आहोत हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असायचे. पुढच्या अधिवेशनात एखादे विधेयक मताला येईल आणि अध्यक्ष ‘होय’ विचारतील, तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारा: हे मला कोणी वाचून दाखवले का? मला ते माझ्या शब्दांत सांगता येईल का? उत्तर नाही असे आले, तर उभे राहा आणि एक रात्र मागून घ्या. बारा कोटींहून अधिक माणसांचा अंगठा तुम्ही तुमच्या एका शब्दाने लावत असता. त्याच्या शेजारी ती जुनी ओळ खरेपणाने लिहिता आली पाहिजे: वाचून दाखवले, समजले, कबूल आहे.

आपला नम्र,
एका अर्जनविसाचा मुलगा आणि या राज्याचा मतदार